पाराकू, बेनिन इथे काजू युनिट टाकायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं वेंगुर्ल्यात काजूचं छोटं युनिट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनची बी आउटटर्नला (म्हणजे बीतून किती चांगला गर निघतो त्याला) चांगली पडायची, पण एप्रिल 2024 पासून तिथल्या सरकारने कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली, बी फोडायची तर इथेच फोडा असं म्हणणं, आणि मला ते पटतं कारण त्यांच्या पोरांना काम नको का मिळायला? म्हणून आता पाराकूत भाड्याने शेड बघतोय. शहर झपाट्याने वाढतंय, आजूबाजूला काजूच्या बागा आहेत आणि कोटोनूहून नायजरकडे जाणारा हायवे तिथूनच जातो.

मेन काळजी लाइटची. ड्रायरमध्ये माल असताना लाइट गेली की गर ओलसर राहतो, मग साल सुटत नाही, बायका नखाने खरवडत बसतात आणि तुकडा वाढतो. तिथे सीझनमध्ये, म्हणजे फेब्रुवारी ते मे, लाइट किती जाते? जनरेटर मस्ट आहे का?

दुसरं, रेल्वे पाराकूपर्यंत आहे पण गाड्या बंद, मग कोटोनू बंदरापर्यंत चारशेच्या वर किलोमीटर सगळं ट्रकनेच, भाडं साधारण काय पडतं, पावसात रस्ता कसा असतो? फ्रेंच येणारा हिशोबनीस लोकल मिळेल का? तिकडे राहिलेल्या कोणीतरी प्लीज सांगा, पुढच्या सीझनच्या आत ठरवायचंय.