पॉवर बँकेवरील बोधचिन्हाची जागा
परिषदेच्या पाहुण्यांना बोधचिन्ह छापलेल्या पेनड्राइव्हऐवजी पॉवर बँक भेट द्यावी, असे एक मत आहे आणि ते मला पटते; मात्र गोव्यात परिषदेला येणारे बरेच पाहुणे विमानाने परततात, हे ध्यानात घ्यायला हवे. पॉवर बँक हातातील बॅगेतूनच न्यावी लागते आणि १०० वॅट-अवरपर्यंत (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-अवर) पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-अवर भरते, त्यामुळे अडचण क्षमतेची नसते, छपाईची असते.

पणजीतील एका परिषदेसाठी मागवलेल्या पॉवर बँकांवर छपाईवाल्याने आमचे बोधचिन्ह नेमके क्षमतेच्या बारीक अक्षरांवर उमटवले आणि परतीच्या विमानतळ तपासणीत क्षमता वाचता न आल्याने दोन पाहुण्यांना त्या पॉवर बँका तिथेच सोडाव्या लागल्या, याचे मला फार वाईट वाटले. आता नमुना हातात घेऊन ती अक्षरे आणि भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता आल्याशिवाय मी छपाईला होकार देत नाही.