ओकचं फ्लोअरिंग स्वतः बसवायचंय: हवेवर चालणारी नेलर कोणती घ्यावी?

निशिगंधा_एनजे

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमचं १९७८ सालचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांतलं कार्पेट मागच्या आठवड्यात उचकटून काढलं. खाली पाऊण इंची प्लायवूड निघालं. एक-दोन ठिकाणी पाय पडला की करकरतं, बाकी ठणठणीत आहे. त्यावर रेड ओक घालायचं ठरवलंय. पट्ट्या पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद आणि पॉलिश होऊनच आलेल्या आहेत. एकूण ६०० चौरस फूट. मजुरीचे आकडे ऐकल्यावर मी आणि नवऱ्याने मिळूनच करायचं ठरवलं.

अडलंय ते नेलरवर, म्हणजे खिळे ठोकायच्या मशीनवर. क्लीटची (दातेरी खिळे), स्टेपलची (दोन पायांच्या पिना) आणि दोन्ही चालणारी अशा तिन्ही प्रकारच्या पाहिल्या. विकत घ्यावी की भाड्याने आणावी? घरात ६ गॅलनचा छोटा कॉम्प्रेसर आहे, तो पुरेल का? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा. दहा वर्षांनी करकरणारी जमीन नकोय.

कृष्णाकाठ

भाड्याने आणू नका. दोघं नोकरी करणारे असाल तर काम शनिवार-रविवारीच होणार, आणि तीन खोल्यांना चार-पाच आठवडे सहज जातात. तेवढ्या भाड्यात मध्यम दर्जाची नेलर विकत येते, आणि काम झाल्यावर चांगल्या किमतीला विकताही येते. आम्ही तेच केलं. शिवाय भाड्याच्या मशीनची आधी किती आबाळ झालीय ते कळत नाही. आम्ही पहिल्यांदा आणलेलीत दर वीस-पंचवीस खिळ्यांमागे एक अडकायचा. अर्धा दिवस ती उघडण्यातच गेला.

आम्ही फ्रीमन कंपनीची थ्री-इन-वन घेतली होती. तिच्यात १५.५ गेजचे (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तितका खिळा बारीक) स्टेपल आणि १६ गेजचे एल व टी, डोक्याच्या दोन्ही आकारांचे क्लीट चालतात. घरच्या कामाला उत्तम.

रंधा

निशिगंधाताई, मी मिशिगनमध्ये आमचं घर केलं आणि नंतर मित्रांची तीन घरं. जरा सविस्तर लिहितो, कारण नेलर निवडणं हा यातला सोपा भाग आहे.

आधी क्लीट की स्टेपल. रेड ओकला दोन्ही चालतात आणि स्टेपल स्वस्त पडतात. तरी मी क्लीटच घ्या म्हणेन. हिवाळ्यात लाकूड आकसतं, उन्हाळ्यात फुगतं. क्लीट त्याच्याबरोबर किंचित हलतो आणि तरी धरून ठेवतो, कारण त्याच्या अंगावर आडवे दात असतात. स्टेपलला दोन पाय, म्हणजे फळीच्या टंगमध्ये (शेजारच्या फळीच्या खाचेत, म्हणजे ग्रूव्हमध्ये, बसणारी कडेची जीभ) शेजारी शेजारी दोन भोकं. लाकूड कडक असेल तर टंग तिथेच चिरते. चिरलेली टंग वरून दिसत नाही. दोन हिवाळे गेले की त्या जागी पायाखाली आवाज यायला लागतो.

रेड ओकचा कडकपणा जांका मापात १२९० आहे, हिकरीचा १८२०, ब्राझिलियन चेरीचा २३५०. तुमच्या ओकला १६ गेजचा २ इंची क्लीट बरोबर. उद्या कुणी ब्राझिलियन चेरीसारखं लाकूड घेतलं तर मात्र १८ गेजचा बारीक क्लीट आणि त्याची वेगळी नेलर लागेल, तिथे जाड क्लीट मारूच नये.

बॉस्टिचची घ्यायची असेल तर दुकानात नीट बघा. मॉडेलच्या नावात शेवटी एफएन असेल ती क्लीटची, एफएस असेल ती स्टेपलची. दोन्ही अगदी सारख्या दिसतात. क्लीटचाही एल की टी ते मशीनवर पाहूनच डबा उचला. ६०० चौरस फुटांना सव्वादोन इंची पट्टी म्हणजे जवळपास ३२०० फूट लांबी होते. ८ ते १० इंचांवर एक क्लीट धरला, टोकांचे जादा धरले, की ५००० चा एक डबा लागतो.

कॉम्प्रेसर पुरेल. फ्लोअरिंगची नेलर बंदुकीसारखी धडाधड चालत नाही, प्रत्येक खिळ्याला एक घाव असतो, तेवढ्या वेळात टाकी भरते.

नेलर घ्यायच्या आधी एक वस्तू मात्र घ्या: लाकडाची ओल मोजायचं, दोन सुया असलेलं मीटर. आमच्या पहिल्या खोलीत मी ते केलं नाही. दमट ऑगस्टमध्ये, एसी बंद ठेवून, ट्रकमधून उतरवलेलं लाकूड तिसऱ्या दिवशी ठोकलं. जानेवारीत हीटिंग सुरू झालं आणि पट्ट्यांमध्ये क्रेडिट कार्ड उभं जाईल अशा फटी पडल्या. एकही खिळा चुकीचा नव्हता. तुमच्या रुंदीच्या पट्टीत आणि खालच्या प्लायमध्ये ओलीचा फरक ४ टक्क्यांच्या आत हवा. पट्टी ३ इंच किंवा जास्त रुंद असेल तर २ टक्क्यांच्या आत. खोके घरात आणा, घर नेहमी ठेवता तसंच ठेवा आणि दर दोन दिवसांनी मोजा. आकडा जुळेपर्यंत थांबा.

आणि जी करकर आता आहे ती आत्ताच घालवा. जॉइस्टच्या (प्लायखालच्या तुळयांच्या) रेघा प्लायवर काढा, करकरतं तिथे अडीच इंची स्क्रू जॉइस्टमध्ये उतरवा. वर ओक बसल्यावर तिथे पोचता येत नाही. पट्ट्या जॉइस्टला आडव्याच टाका.

निशिगंधा_एनजे

रंधादादा, कृष्णाकाठ, मनापासून आभार! मीटर आजच मागवलं. क्लीटचीच घेतेय. आता दोन शंका. कॉम्प्रेसरचं प्रेशर किती ठेवायचं? बॉक्सवर ७० ते ११० पीएसआय लिहिलंय, एवढ्या मोठ्या पल्ल्यातून कळायचं काय? दुसरं, नेलर भिंतीजवळ बसतच नाही असं वाटतंय, मग पहिली ओळ ठोकायची कशी?

रंधा

प्रेशरचा आकडा कुणी सांगितला तरी धरून बसू नका. तुमचं लाकूड, तुमचं मशीन आणि तुमच्या पाइपची लांबी यावर तो ठरतो.

वाया जाणारे चार-पाच तुकडे घ्या आणि प्लायच्याच एका तुकड्यावर मांडा. ८० पीएसआयपासून सुरू करा. एक क्लीट मारा, पट्टी उचलून उजेडात धरा आणि टंगवरून अंगठ्याचं नख फिरवा. नख डोक्याला अडलं तर क्लीट वर राहिलाय, पुढची पट्टी घट्ट बसणार नाही. प्रेशर पाचाने वाढवा. डोकं खोल गेलंय, भोवती लाकडाचे तंतू उठलेत किंवा टंगच्या वरच्या कडेला केसासारखी रेघ दिसतेय, तर प्रेशर जास्त झालं. पाचाने कमी करा. डोकं लाकडाशी सपाट बसलं आणि नख सरळ घसरलं, तो तुमचा आकडा. माझा ओकला ८५ वर आला होता, मेपलला त्याहून वर. दर सकाळी एक तुकडा मारून बघा. दुपारनंतर दुसऱ्या खोलीत गेलात आणि पाइप लांबवला तर पुन्हा बघा.

पट्टीचा वरचा पृष्ठभागही तिरक्या उजेडात तपासा. खिळ्याच्या जागी बारीकसा फुगवटा दिसला तर नेलरखालची जाडीची प्लेट चुकलीय. तुमची पट्टी पाऊण इंची, तर प्लेटही पाऊण इंचाचीच हवी. नाहीतर क्लीट ४५ अंशांत टंगच्या कोपऱ्यातून न जाता वर किंवा खाली घुसतो. तुमच्या पट्ट्या पॉलिश केलेल्या आहेत, म्हणून दर ओळीला प्लेटचा तळ फडक्याने पुसा. वाळूचा एक कण अडकला तरी सबंध ओळीवर ओरखडा उमटतो.

हातोडा मशीनबरोबर येतो तोच वापरा, आणि रबराच्या बाजूनेच मारा. त्या घावाची दोन कामं आहेत: पट्टी मागच्या पट्टीत घट्ट बसवायची आणि हवेची झडप उघडायची. खिळा हवा मारते. म्हणून घाव हलका पडला तरी खिळा जातो, पण पट्टी बसलेलीच नसते, आणि ती फट मग कायमची. एक पाय पट्टीवर ठेवा, मशीन टंगवर नीट टेकवा आणि खांद्यातून एकच घाव घाला. पट्टीच्या टोकापासून २-३ इंच आत मारा आणि पट्टी कितीही लहान असली तरी दोन खिळे हवेतच.

पहिल्या ओळीचं बरोबर ओळखलंत. भिंतीपासून पाऊण इंच सोडा, खडूची दोरी मारून सरळ रेघ काढा. भिंत सरळ असते असं समजू नका. पहिल्या पट्टीला भिंतीकडच्या बाजूने वरून खिळे मारा, ते बेसबोर्डखाली (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली) झाकले जातील. टंगकडून मात्र १५ किंवा १६ गेजच्या फिनिश नेलरने (बारीक डोक्याचे खिळे मारणाऱ्या छोट्या गनने) तिरपे मारा. दोन-तीन ओळी अशा झाल्या की मोठी नेलर बसते. शेवटच्या ओळींनाही हेच. फिनिश नेलर भाड्याने आणली तर चालेल, दोन दिवसांचं काम आहे.

एक राहिलं. २ इंची क्लीट तिरका गेला तरी पाऊण इंची प्लायच्या खाली त्याचं टोक निघतं. खालच्या मजल्याच्या छतात प्लायला अगदी चिकटून पाइप किंवा वायर गेली असेल ती जागा आधी शोधून ठेवा.

पेठकर

छान धागा आहे. पुण्यात फ्लॅट घेतोय, हॉलमध्ये असंच लाकूड टाकायचंय. आमचे सुतार फर्निचरला हवेच्या गनने पिना मारतात, तीच चालेल का?

कृष्णाकाठ

नाही हो. त्या पिना बारीक असतात, प्लाय-लॅमिनेट धरायला ठीक. आणि मुळात तुमच्याकडे खाली आरसीसी स्लॅब आणि त्यावर टाइल्स. हा खिळा लाकडात मारायचा आहे, काँक्रीटमध्ये तो जात नाही. तुम्ही इंजिनिअर्ड (थर चिकटवून बनवलेलं) लाकूड बघा, क्लिक करून फोमवर तरंगतं ठेवायचं किंवा गोंदाने चिकटवायचं. स्लॅबची ओल आधी मोजून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

रंधा

सहमत. इथेही स्लॅबवर खिळ्याचं फ्लोअरिंग करायचं तर आधी पाऊण इंची प्लाय बसवावा लागतो, आणि मग २ ऐवजी दीड इंची क्लीट घेतात.

निशिगंधा_एनजे

पहिली खोली झाली! सगळ्यांना कळवायला आले.

ओल जुळायला अकरा दिवस लागले. नवऱ्याची घाई चालली होती, पण फटींची गोष्ट वाचून दाखवली आणि तोही थांबला. प्रेशर आमचं ९० वर बसलं. ८० ला डोकं नखाला लागत होतं, ९५ ला टंगवर ती केसासारखी रेघ आली. रेघ आलेला तुकडा खिडकीत ठेवलाय, सकाळी काम सुरू करताना त्याच्याशी ताडून बघतो.

चार-पाच खोके एकदम उघडून पट्ट्या आधी नुसत्या मांडून घेतल्या, म्हणजे रंग मिसळला आणि सांधेही ६ इंचांपेक्षा जवळ आले नाहीत. नवरा मांडत गेला, मी ठोकत गेले. रोज सकाळी नेलरच्या हवेच्या तोंडात दोन-तीन थेंब तेल घालतो. फक्त दोनदा क्लीट अडकला, दोन्ही वेळा पाइप काढून मगच हात घातला. करकर गेली, काल रात्री अनवाणी सगळीकडे चालून बघितलं.

आता प्रश्न दाराचा आहे. ही खोली आणि पॅसेज जोडायचाय, पण पॅसेजमध्ये उलट्या दिशेने जावं लागतंय, म्हणजे तिकडे ग्रूव्हची बाजू येते. तिथे नेलर कुठे टेकवायची?

रंधा

अभिनंदन, ताई! स्लिप टंग मिळते, लाकडाची सुटी पट्टी. ती ग्रूव्हमध्ये गोंद लावून बसवा, म्हणजे त्या बाजूलाही टंग तयार होते. मग नेलर तिच्यावर टेकवून नेहमीसारखं ठोकत जा. तुमच्या ग्रूव्हच्या मापाचीच घ्या, दुकानात जाताना पट्टीचा एक तुकडा बरोबर न्या.