सोसायटीची घसरगुंडी बंद करायची का?

ए-२०१: सगळे विचारून राहिले म्हणून इथेच सांगते. काल संध्याकाळी घसरगुंडीवर पिल्लूचा पाय दुखावला. पडली नाही, आपटली नाही, पण पाय टेकवेचना. धंतोलीतल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाला बारीक तिरकी रेघ आहे. प्लास्टर घातलंय.

बी-३०४ काकू: अगं बाई! दोन वर्षांचं लेकरू ते. दरवर्षी मे महिन्यात कोणाचा ना कोणाचा पाय मोडतोच. शाळा सुरू होईपर्यंत घसरगुंडी बंद करा.

सी-१०१: काकू, हाडं हिवाळ्यात मोडतात. थंडीनं कडक होतात ना.

डी-४०२ डॉक्टर ताई: भाऊ, थंडीनं हाड कडक होत नाही, शरीराच्या आत ते उबदारच असतं. थंड देशांतही पोरांची हाडं जास्त मोडतात ती उन्हाळ्यात. दिवस मोठा, खेळ जास्त. आपल्याकडे दुपारी ४५ अंशांत कोणी बाहेर पडत नाही, विदर्भातल्या शाळा जवळजवळ जूनअखेरपर्यंत बंद. मग दिवसभर कोंडलेले सगळे पोट्टे सहा वाजता एकदम खाली. लहान-मोठे, सायकली, क्रिकेट, सगळं त्याच तुकड्यात.

सी-२०३: आणि संक्रांतीला पतंग उडवायला गच्चीवर. "ओ काट" करत मागे मागे सरकतात, कठडा दिसत नाही.

डी-४०२ डॉक्टर ताई: अगदी. पावसाळ्यात शेवाळ, आत्ता कूलर भरताना फरशीवर सांडलेलं पाणी. ए-२०१, पिल्लू एकटी घसरत होती की कोणाच्या मांडीवर?

ए-२०१: आजीच्या. एकटीला कशी सोडणार?

डी-४०२ डॉक्टर ताई: तिथेच गोम आहे. एकट्या मुलाचा बूट कडेला अडकला तर ते सहसा तिथेच थांबतं. मांडीवर असलं की बूट अडकतो आणि मोठ्या माणसाचं वजन खाली सरकतच राहतं. पाय पिळला जातो. न पडताही हाड तडकतं. आजींना बोल लावू नका, सगळेच असं करतात. आणखी एक, कधी कधी अशी चीर पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही. लेकरू पाय टेकवत नसेल तर पुन्हा दाखवा. मालीश करत बसू नका.

बी-३०४ काकू: आमच्या वेळी आज्या घसरगुंडीवर बसतच नव्हत्या बाप्पा 😄

सी-२०३: सायकलच्या कॅरिअरवर बसवलेल्यांचंही बघा. पाय लोंबकळतो, स्पोकमध्ये जातो.

सेक्रेटरी: घसरगुंडी बंद होणार नाही. मांडीवर घेऊन घसरू नये, अशी पाटी लावतो. सात वाजता तिथे अंधार होतो, हॅलोजन उद्या बदलतो. बॉल खेळणाऱ्यांनी मागच्या बाजूला जावं. पण तिथल्या गाड्या साडेपाचच्या आत हलवा.

सी-१०१: माझीच काहून? आधी ४०२ ची बघा, आडवी लागते रोज.

डी-४०२ डॉक्टर ताई: क्लिनिकमधून साडेसातला येते हो मी. दुपारी माझी गाडी तिथे असते का कधी?

सी-१०१: रविवारी असते.