आधीच उचललेली व्ही-क्रॉस, खिशात ४५ हजार: आर्म, शॉकअप, की स्पेसरच काढून टाकू?

तापीकाठचा

मंडळी, २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर. गेल्या दिवाळीआधी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने पुढे स्प्रिंगपाशी स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) टाकून आणि मागे कमानीखाली, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगखाली, ठोकळे देऊन गाडी दोन इंच उचलली आहे. मी चोपडा तालुक्यातला. घरापासून मळा चार किलोमीटर, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर निव्वळ गाडरस्ता, तोही काळ्या मातीचा. आठवड्यातून दोनदा जळगाव. पावसाळ्यानंतर दोन-तीन चकरा सातपुड्यात, त्या मात्र हौसेच्या.

स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून ठण्ण करून लोखंडी आवाज येतो. हायवेला ८० च्या पुढे स्टिअरिंग हलकं लागतं, वळण घेतल्यावर आपोआप सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. पुढचे टायर एका कडेने खाल्ले गेलेत. बजेट ४५ हजार, त्यावर एक रुपया नाही, कारण कापसाचे पैसे अजून यायचेत.

मला मिळालेले भाव असे: बदली अप्पर आर्मची (चाकाला वरून धरणाऱ्या दांड्यांची) जोडी ४२ हजार. स्प्रिंग-शॉकअपचा पूर्ण सेट लाखाच्या वर. आणि आमच्या गावचा मिस्तरी म्हणतो, स्पेसर काढून भंगारात द्या, पाचशे रुपयांत काम. माझं मन आर्मकडे झुकतंय. तुमचं काय मत?

केळीबाग

तुमचा गावचा मिस्तरी हुशार आहे, त्याचं ऐका.

मी रावेरचा. चार वर्षांपूर्वी मीही पिकअप उचलली होती. झालं काय? आईला गाडीत चढवायला घरून स्टूल न्यावा लागायचा. देवदर्शनाला निघालो की आधी स्टूल गाडीत, मग आई. लग्नात पार्किंगमध्ये स्टूल काढला की लोक बघायचे. आठ महिन्यांत गाडी परत खाली आणली.

आणि ज्या गाडरस्त्यासाठी ही उंची हवी म्हणता, तिथे खाली अडकतं काय? मागच्या एक्सलचा डिफरन्शियल, म्हणजे मधला गिअरचा गोळा. तो एक्सलवरच बसलेला. कमानीखाली ठोकळा दिला की बॉडी उचलते, डिफरन्शियल होता तिथेच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. जुलैत काळी माती टायरला चिकटून चाकाचा लाडू झाला की दोन इंच काय आणि चार इंच काय. तिथे ट्रॅक्टरच लागतो भो.

सातपुडावाला

मागच्या एक्सलचं म्हणणं बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. व्ही-क्रॉसचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मवर वेगळं हलणारं. पुढचा डिफरन्शियल चासीला बांधलेला असतो, त्यामुळे पुढून उचलली की तो खरोखर वर जातो, इंजिनखालचा पत्राही वर जातो. नाल्यात उतरताना पहिला मार बंपरला आणि त्या पत्र्याला बसतो. मी तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला वर्षभर जातो, पुढे मोलगीच्या बाजूलाही. फरशी-पूल वाहून गेलेला असला की दगडांतून उतरावं लागतं. तिथे स्टॉक उंचीची गाडी नाक घासत उतरते, माझी नाही. केळीच्या बागेतून सपाटीवर बसून बोलणं सोपं आहे, नाना.

माझं मत सरळ आहे: उंची ठेवा, आर्म टाका. उचललेल्या गाडीत स्टिअरिंग हलकं होतं ते कास्टर कमी झाल्यामुळे. वरचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकामधला गोल सांधा, मागे झुकलेला असतो, त्या झुकावामुळे चाक स्वतःहून सरळ येतं. गाडी उचलली की तो झुकाव मरतो. बदली आर्ममध्ये बॉल जॉइंटची जागाच मागे सरकवलेली असते. माझ्या गाडीत तीन वर्षं झाली, हायवेला एका बोटाने चालते.

केळीबाग

मोलगीला वर्षभर जाणारे तुम्ही. धागा काढणारा भाऊ चोपड्याचा आहे, त्याच्या सातपुड्याच्या चकरा वर्षात तीन. बाकी दिवस जळगावचा रस्ता आणि मळा. तीन दिवसांसाठी बारा महिने ठण्ण ठण्ण ऐकायचं का?

गॅरेज_धुळे

दोघंही थांबा. आवाजाचं कारण कोणी विचारलंच नाही.

तापीकाठचे दादा, आवाज ब्रेकरवर चढताना येतो की उतरल्यावर चाक खाली लोंबतं तेव्हा? तुम्ही ‘उतरताना’ लिहिलंय, म्हणून विचारतोय. चढताना दणका आला तर शॉकअप पूर्ण दबतोय, खाली बसतोय. उतरल्यावर आला तर उलटं: शॉकअप पूर्ण ताणला जाऊन वरच्या टोकाला आपटतोय. दोन्ही आवाज सारखेच वाटतात, इलाज मात्र वेगळे.

आता स्पेसर पाहा. दोन प्रकार असतात. एक बाहेरून बसतो, शॉकअपचा वरचा माउंट आणि चासीचा टॉवर यांच्या मधे. यात शॉकअपची पूर्ण लांबी खाली सरकते, चाक कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त लोंबतं, मग बॉल जॉइंट आणि एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणारे सांधे) वाकड्या कोनात काम करतात. त्यांचे रबरी बूट फाटतात ते यामुळेच. दुसरा प्रकार आतून बसतो, स्प्रिंग आणि वरची थाळी यांच्या मधे. यात स्प्रिंग आधीच दाबून ठेवलेली असते. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक झाली. नाही झाली, तिला इंचभर दाबायला लागणारं वजन तेवढंच राहतं. फक्त गाडी वर बसते आणि शॉकअप उभ्या गाडीतच निम्म्याहून जास्त ताणलेला असतो. खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही. मग प्रत्येक खड्ड्याला ठण्ण.

तुमचा दुसरा प्रकार असेल तर ४२ हजारांचे आर्म टाकूनही आवाज तसाच राहील, हे लिहून घ्या. आर्मने स्टिअरिंग सुधारेल, आवाज नाही.

अजून एक. स्पेसर किती जाड आहे तेही मोजा. दोन इंच उचललेल्या गाडीत स्पेसर दोन इंचाचा नसतो. शॉकअप खालच्या आर्मच्या मधे कुठेतरी बसलेला, चाक टोकाला. हापशाचा दांडा आठवा, आतलं टोक वीतभर हललं की बाहेरचं हातभर हलतं. म्हणून साधारण एक इंचाच्या स्पेसरने चाकाशी दीड-दोन इंच मिळतात. गावात कोणी ‘दोन इंच पाहिजे’ म्हणून दोन इंचाचा ठोकळा कापून बसवला असेल तर आधी तो काढा.

तापीकाठचा

बघितलं. आवाज उतरल्यावरच येतो. बाहेर टॉवरवर काही नाही, स्पेसर आतच आहे, पॉलीयुरेथेनचा, अंदाजे एक इंच. डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे. गाडी ९४ हजार चाललीय आणि शॉकअप बहुतेक मूळचेच असावेत.

धुळेकर भाऊ, तुम्ही माझे ४२ हजार वाचवलेत की माझा मूड घालवलात, कळत नाही.

गॅरेज_धुळे

दोन्ही. ओघळ आला म्हणजे तो शॉकअप गेला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, खाली तापलेला डांबर, त्यात शॉकअपमधलं तेल पातळ होतं आणि जुना शॉकअप हात टेकतो. एकाला ओघळ असला तरी बदलताना जोडीनेच बदला.

चाक_फिरकी

अर्धवट कामं करण्यात अर्थ नाही दादा. ओल्ड मॅन एमू, प्रोफेंडर, बिलस्टाइन यातलं एक चांगलं घ्या, स्प्रिंग, शॉकअप, आर्म सगळं एकदम, ईएमआयवर. आज बुश, उद्या शॉकअप, परवा आर्म, प्रत्येक वेळी मजुरी वेगळी आणि अलाइनमेंट वेगळी. शेवटी तेवढाच खर्च होतो आणि मधे दोन वर्षं गाडी धड नाही.

केळीबाग

ईएमआयवर शॉकअप! आमच्याकडे लोक ठिबकसाठी कर्ज काढतात, हे शॉकअपसाठी काढणार.

चाक_फिरकी

नाना, ठिबकही हप्त्यानेच बसते ना? मग गाडीचाच राग का. मजुरी तीनदा द्यायची ही गोष्ट खोटी आहे का, एवढं सांगा.

गॅरेज_धुळे

खोटी नाही. स्प्रिंग उतरवली की तिथल्या सगळ्या वस्तू एकदाच बदलाव्यात, हे मीही गिऱ्हाइकांना सांगतो. पण ४५ हजार म्हणजे ४५ हजार, दादांनी पहिल्याच ओळीत सांगितलंय.

पॉलिसी_वाचा

कोणी कायद्याचं बोलणार आहे की नाही? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: मालकाने केलेल्या प्रत्येक अशा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-१९ पासिंगची गाडी गावात कोणी अडवणार नाही हे खरं. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने खाली वाकून पाहिलं तर क्लेमला कारण मिळतं. उंची कमी करावी असं मी म्हणेन, आणि ते आवाजासाठी नाही.

सातपुडावाला

मग कमानीत जादा पाटा टाकणाऱ्या सगळ्या पिकअपही बेकायदा. तालुक्यात एक तरी मूळ पाट्यावर चालते का ते दाखवा.

पॉलिसी_वाचा

सगळे करतात म्हणून विमा कंपनी पैसे देत नाही, भाऊ. मी क्लेमच्या फायली पाहतो, म्हणून बोलतोय.

अहिराणी_गडी

गाडी उंच, मालक उंच, खिसा मात्र खाली. मनी गाडी शे बोलेरो पिकअप, पुढे जशी आली तशी शे, काही वाजत नही. तुमनं चालू द्या.

गॅरेज_धुळे

माझा हिशेब सांगतो, पटला तर घ्या.

पहिलं म्हणजे जॅकवर चाक उचलून बॉल जॉइंट पाहा. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचला, टकटक वाटलं तर जॉइंट गेला. ९४ हजारांत खालच्या आर्मचे रबरी बुश नक्की चिरलेले असतात. बुश आणि बॉल जॉइंट मिळून माझ्याकडे सहा ते आठ हजार होतात.

मग शॉकअपची जोडी, पण मूळ लांबीची नको. थोड्या उचललेल्या गाडीसाठी बनवलेली, लांब दांड्याची, स्प्रिंगची बैठक खाली-वर करता येणारी घ्या. स्प्रिंग जुनीच वापरा, ती अजून चांगली असते. अशी जोडी तुमच्या बजेटमध्ये मिळते. मग आतला स्पेसर लागतच नाही, उंची बैठकीवरून ठेवायची. आणि दोन इंच ठेवू नका, एक-सव्वा इंच ठेवा. तेवढ्या उंचीला मूळ आर्मनेच कास्टर बऱ्यापैकी परत येतो. मागचे ठोकळेही त्या मापाने पातळ करा.

दोन गोष्टी मिस्तरीच्या कानावर घाला. दाबलेली स्प्रिंग दोरी बांधून उघडायची नाही, स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल त्या गॅरेजमधून उठून या. मजाक नाही, माणसं जखमी झालीत. दुसरं, आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर, वजन चाकांवर, तेव्हा आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. दहातले आठ जण इथे चुकतात.

अलाइनमेंटला गेलात की आधीचा आणि नंतरचा कागद मागा, त्यात कास्टर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्ही आकडे हवेत. बरेच जण फक्त टो करून पैसे घेतात. टायर एका कडेने खाल्ला जातो तो बहुतेक टोमुळे, पण स्टिअरिंग परत येत नाही ते कास्टरमुळे. मशीन नुसतं टो दाखवत असेल तर दुसरीकडे जा.

सातपुडावाला

सव्वा इंच म्हणजे ना इकडे ना तिकडे. आर्म टाकले असते तर दोन इंच सुखाने राहिले असते. पैसे साठवा, सहा महिने थांबा, दोन्ही एकदम करा. तोवर वेग ७० च्या आत ठेवा. त्या चाक_फिरकी पोराशी पहिल्यांदाच एकमत होतंय माझं.

गॅरेज_धुळे

ओघळलेल्या शॉकअपवर सहा महिने? टायरच्या नव्या जोडीचा खर्च कोण देणार? तुमच्या रस्त्याला तुमचं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. यांच्या रस्त्याला नाही.

केळीबाग

आणि भार विसरू नका. मागे खताच्या वीस गोण्या टाकल्या की मागचं बसतं, पुढचं नाक आणखी वर. रात्री समोरच्याच्या डोळ्यात थेट लाइट. उचललेल्या गाडीचे हेडलाइट खाली करायला कोणी जात नाही, ते आधी करा. धुळेकरांचा सव्वा इंच मला मान्य नाही, शून्य हवा, पण दोनपेक्षा बरा.

तापीकाठचा

ठरवलं. बुश आणि एक बॉल जॉइंट बदलून घेतला, जॉइंट उजवा गेलेला होता, टॉमी घातल्यावर डोळ्यांनी दिसला. शॉकअपची जोडी मागवली, ३१ हजार पडली. स्पेसर निघाले की फोटो टाकतो. आर्म नाही घेत, निदान यंदा तरी. सातपुडावाले दादा, दिवाळीनंतर तोरणमाळला तुमच्या मागोमाग येतो, नाक घासलं तर जेवण माझ्याकडून.

मिस्तरीला बोल्टचं सांगितलं तर तो म्हणाला, वीस वर्षं असंच आवळतोय. मग गाडी खाली घेऊन माझ्यासमोर आवळून दिले, पण तोंड वाकडं करूनच.

एकच प्रश्न राहिला. घरून विचारणा झाली आहे की उंची कमी होणार, तर आईला चढायला किती सोपं जाईल?

केळीबाग

इंचभर कमी होईल, फार नाही. माझा स्टूल माळ्यावर पडलाय, सागाचा आहे. चोपड्याकडे येणं झालं की घेऊन येतो.