मदत हवी आहे: पार्ल्यात फनेल झोनमधली इमारत, स्वयंपुनर्विकास जमेल का?

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला. तीन मजले, 24 बिऱ्हाडं, 1968 चं बांधकाम. जिन्याच्या छताची खपली परवा जोशीकाकूंच्या दुधाच्या पातेल्यात पडली, म्हणजे आता थांबणं नाही. पण आम्ही फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात येतो. तिथल्या इमारतींच्या उंचीवरच्या मर्यादेमुळे बिल्डर येतात, चहा पितात आणि जातात. कागदावर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या 33(7)(ब) या नियमाखाली जुन्या सोसायट्यांना जादा चटईक्षेत्र (बांधकामाची परवानगी) मिळतं, म्हणजे मूळ बांधकामाच्या 15 टक्के किंवा घरटी 10 चौ.मी., जे जास्त असेल ते. ते चढवायचं कुठे? वर तर विमानं!

2019 च्या सप्टेंबरमध्ये स्वयंपुनर्विकासाचा (म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत नव्याने बांधण्याचा) जीआर आला, त्यानंतर हा विषय सर्वसाधारण सभेत दोनदा निघाला. 51 टक्के संमती जमेल, पण मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या विकासकाचंच नाव आहे.

फनेल झोनमध्ये कुणी स्वतः इमारत उभी केली आहे का? आधी मानीव अभिहस्तांतरण (विकासकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर) करून घ्यावं, की वास्तुविशारद नेमून उंचीचा दाखला काढावा? कर्ज कुणी दिलं? आणि रहिवाशांच्या पाठपुराव्याने सरकार खरंच हलतं का? आमचे सेक्रेटरी निवेदनं देऊन दमले आहेत.