सीपीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह सोल्यूशनने जाम झाला; नवा बसवताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर):
नमस्कार. गच्चीवरील टाकीपासून कूलरपर्यंत अर्ध्या इंची सीपीव्हीसी (एक प्रकारचे कडक प्लास्टिक) पाइपची लाइन मी स्वतःच टाकली. गळती कुठेही नाही, परंतु एक बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी चालू-बंद करणारा) दुसऱ्या दिवशी फिरेनासा झाला आणि जोर लावताच त्याची मूठ हातात आली. कापून पाहिले, तर आतल्या गोळ्याच्या कडेने पाइप जोडायचे पिवळे सोल्यूशन वाळून बसले होते. नवा व्हॉल्व्ह बसवताना सोल्यूशन किती आणि कुठे लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (महाल):
भाऊ, सोल्यूशन सढळ हाताने लागले असावे. त्यातील द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि त्यामुळे पाइप व सॉकेट (व्हॉल्व्हचा पाइप बसतो तो भाग) एकजीव होतात. मात्र सॉकेटमध्ये जास्त लावले, की पाइप आत सरकताना उरलेला माल पुढे ढकलला जातो आणि गोळ्यालाही तसाच धरून बसतो. म्हणून पाइपच्या टोकाला बाहेरून सॉकेटच्या खोलीइतका एकसारखा थर द्यावा, सॉकेटमध्ये ब्रश जेमतेम फिरवावा आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आडवा धरावा, कारण उभा धरल्यास ओघळ थेट आत उतरतो. त्याआधी पाइप काटकोनात कापून आतबाहेरचा बुरा कानशीने काढावा. तो राहिला तर लावलेला थर खरवडून निघतो. पाइप पाव फेरा देत तळापर्यंत बसवावा व 30 सेकंद दाबून धरावा, नाहीतर सीपीव्हीसी मागे सरकतो.
आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा उन्हात तापलेल्या पाइपवर सोल्यूशन लावता लावता वाळते आणि जोड अर्ध्यातच अडकतो, म्हणून हे काम सकाळीच करावे.

उत्तर २ (प्रतापनगर):
वरील सल्ल्याशी सहमत आहे. डबा सीपीव्हीसीचाच घ्यावा. यूपीव्हीसीचे (दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिक पाइपचे) सोल्यूशन त्यावर चालवू नये. आट्यांच्या जोडाला फक्त टेफ्लॉन टेप गुंडाळावी. तेल किंवा ग्रीस लावल्यास सीपीव्हीसीला तडे जाऊ शकतात. व्हॉल्व्हशेजारी एक युनियन (खोलता येणारा जोड) टाकल्यास पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. जुन्या व्हॉल्व्हच्या सॉकेटमधून पाइपचे टोक सोडवून पुन्हा वापरता येईल का?

उत्तर १ (महाल):
नाही, तो जोड सुटत नाही. दोन्हीकडून पाइप कापून नवा तुकडा व कपलर (दोन पाइप जोडणारा भाग) टाकावा, आणि पाणी शक्यतो दुसऱ्या दिवशीच सोडावे.