लिज्जतच्या पापडाला किती शास्त्रं लागतात?

तागडी
उद्योजकतेवरच्या प्रबंधांत हल्ली 'बहुविद्याशाखीय' (म्हणजे अनेक शास्त्रं एकत्र वापरणारा) हा शब्द चवीपुरत्या मिठासारखा टाकतात. माझ्या मते अर्थशास्त्र पुरतं. लिज्जतच घ्या. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. पीठ केंद्रात मळायचं, लाटायचं आपापल्या घरी, मजुरी किलोवर. जागेचं भाडं वाचलं, मुकादम वाचला. खर्चाच्या गणितात सगळं बसतं. यात मानववंशशास्त्राचं काय काम?

ओसरी
मुकादम वाचला कसा, तेच तुमच्या गणितात नाही. किलोवर मजुरी म्हटली की जाड लाटायचा मोह होतो, कारण तेवढ्याच वजनाला कमी पापड लाटावे लागतात. अर्धवट वाळवून दिला तर ओलावाही वजनात धरला जातो. असा पापड पाकिटात गेला की बुरशी धरतो, आणि फार वाळला तर काठाला तडकतो. केंद्रावरची तपासणी हे पकडते, पण माल तयार झाल्यावर. त्याआधीचा अंकुश म्हणजे सभासद करताना घर बघणं: स्वच्छता आहे का, वाळवायला जागा आहे का. जागा नसेल तिला मळणी किंवा पॅकिंग. चाळीतल्या खोलीत ही जागा कोणाची आणि किती वेळ, हे सासू-शेजारणींशी बोलल्याशिवाय कळत नाही. शिवाय पापडखार जास्त झाला तर पापड लालसर, कडवट होतो. तो दोष मळणीचा, लाटणारीचा नाही. हे अन्नशास्त्र माहीत नसलेला संशोधक नाकारलेला माल सरळ 'कामचुकारपणा'च्या रकान्यात टाकून मोकळा होईल.

तागडी
पापडखाराचा मुद्दा मान्य. बाकीचं करारांच्या अर्थशास्त्रात जुनंच आहे: दर्जा मोजता येत नसेल तर नगावरची मजुरी फसते. आणि बहुशाखीय म्हणवणाऱ्या प्रबंधात प्रत्यक्षात असतं काय? एक प्रकरण मानसशास्त्राचं, एक समाजशास्त्राचं, शेवटी खिचडी. एकाच शास्त्राने केलेलं काम निदान तपासता तरी येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलँडचा आंध्रातल्या काकीनाड्याचा प्रयोग बघा, १९६४. व्यापाऱ्यांना सुमारे १० दिवसांचं कर्तृत्वप्रेरणेचं, म्हणजे काही करून दाखवायची ओढ वाढवण्याचं प्रशिक्षण, नंतर प्रशिक्षण न घेतलेल्यांशी तुलना.

ओसरी
चांगलं उदाहरण दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. प्रशिक्षितांनी पुढे धंद्यात जास्त हालचाल केली खरी. पण ती प्रेरणा वाढली म्हणून, की एकाच गावचे व्यापारी १० दिवस एकत्र राहिल्याने ओळखीपाळखी झाल्या म्हणून? प्रेरणेची मोजपट्टी एकटी हे सांगू शकत नाही. कोण कोणाला उधार देतो याची यादी आधी आणि नंतर काढायला हवी.

शेवटचा बाक
भांडण शास्त्रांच्या संख्येवर चाललंय, घोडं अडतं व्याख्येवर. 'जेम' (ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर) या उद्योजकतेच्या जागतिक पाहणीत १८ ते ६४ वयाची, धंदा उभारत असलेली किंवा ४२ महिन्यांपर्यंतचा धंदा चालवणारी व्यक्ती मोजतात. आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आस्थापना मोजते: १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर 'सूक्ष्म' उद्योग. लिज्जतची लाटणारी बहीण (सभासद बाईला तिथे बहीण म्हणतात) यातल्या कुठल्या रकान्यात? कायद्याने ती संस्थेची सभासद, मजुरीच्या वहीत किलोवाली, आणि संस्था तिला मालक म्हणते. दोन्ही आकडे एका तक्त्यात आले की प्रबंध तिथेच बसला.

करायचंच असेल तर तीन शास्त्रांचे तीन वेगळे नमुने घेऊ नका. ३० घरं ठरवा आणि सगळं त्याच घरांत करा: पीठ नेलं किती, पापड दिले किती, परत आले किती, याची महिनाभराची नोंद. पावसाळ्यातला एक महिना आणि उन्हाळ्यातला एक, नाहीतर वाळवणाचा प्रश्न दिसणारच नाही. मुलाखती त्यानंतर, कारण परत आलेल्या मालाचा आकडा हातात असल्याशिवाय नेमकं काय विचारायचं ते सुचत नाही. केंद्रावर संचालिकेसमोर तर मुळीच नको, तिथे सगळं छानच असतं. दुपारी, लाटणं चालू असताना, घरी.

तागडी
३० घरांवर प्रतिगमन (रिग्रेशन, कशाचा कशावर किती परिणाम हे काढायचं संख्याशास्त्र) चालवणार? शुभेच्छा.

शेवटचा बाक
नाही चालवणार. ३० घरांतून प्रश्न काढायचे आणि ३०० जणींना विचारायचे. उलट्या क्रमाने केलं तर प्रश्नावलीत 'वाळवायला जागा' हा प्रश्नच येत नाही.

तागडी
बरं, हा क्रम पटला. पण बहीण मालक की मजूर, हे अजून कोणी सांगितलं नाही. नफा-तोटा दोन्ही वाटून घेतात म्हणे. मग तोट्याच्या वर्षी तिच्या हाती काय पडलं, ती वही आधी उघडा.